सावकाशवाल्याची शिष्यवृत्ती

मला राग लवकर येतो आणि आला की मुक्कामालाच राहतो. हे सासूबाईंचं म्हणणं आहे, आणि ते काही खोटं नाही. पण कामावर मात्र राग चालत नाही. मी रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेते. लोक रडत, ओरडत, प्रसंगी शिव्या घालत फोन करतात आणि मी एकाच सुरात म्हणते, "पत्ता सांगा." आधी पत्ता, बाकीचं रामायण मग. फोन मध्येच तुटला तरी गाडी पोचली पाहिजे ना! आणि गाडी दारात उभी राहिली की आमचं काम संपलं. पुढे माणूस वाचला की गेला हे आम्हाला कोणी कळवत नाही, आणि आपण विचारायचं नाही असा तिथला रिवाज आहे. नावं तर आम्ही घेतच नाही. त्यामुळे अर्धं शहर मला आवाजाने ओळखू येतं आणि चेहऱ्याने एकही माणूस नाही.

अशी मी, चाळिशीला टेकलेली, एक दिवस घरी जाहीर केलं की मला कायदा शिकायचाय.

"अगं, आधीच तू घरात कोणाला तोंड उघडू देत नाहीस," सासूबाई म्हणाल्या. "आता काय कलमं लावून भांडणार आहेस?"

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. तो कमी बोलतो. त्याने महाविद्यालयाचं फीचं पत्रक बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. आकडा काही बदलला नाही. मग म्हणाला, "शिष्यवृत्ती बघ."

बघ म्हणे! प्रवेश परीक्षेचा अभ्यास परवडला, पण शिष्यवृत्ती शोधणं म्हणजे डोक्याला ताप. एका ठिकाणी वय बसेना. दुसरीकडे वय बसलं तर शाळेतले गुण हवे होते, आणि माझे शाळेतले गुण आठवून शिक्षकांनाही रडू येईल. एक शिष्यवृत्ती फक्त वकिलांच्या मुलांसाठी होती, म्हणजे ज्यांच्या घरी आधीच दिवाणखाना आहे त्यांनाच खुर्ची. एका संस्थेत मी स्वतः जाऊन आले. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "मुलीचा अर्ज आणलात का? ती कुठंय?" म्हटलं, "मुलगी चौथीत आहे, अर्ज माझाच आहे." तो इतका गडबडला की मला चहा पाज म्हणून शिपायाला सांगून आत पळाला. चहा मिळाला. शिष्यवृत्ती नाही.

महाविद्यालयाने जागा राखून ठेवली होती, पण शुक्रवारपर्यंत पहिल्या वर्षाची फी भरली नाही तर ती पुढच्या नंबराला जाणार होती. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची ताकद माझ्यात नव्हती. हे मी कोणाला बोलले नाही, पण मला पक्कं माहीत होतं. आत्ता नाही तर कधीच नाही.

एकच अर्ज जमून आला. एका विश्वस्त संस्थेचा, दुसरा व्यवसाय सोडून कायद्याकडे वळणाऱ्यांसाठी. वयाची अट नाही. तीनही वर्षांची पूर्ण फी. मुख्य विश्वस्ताने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ सुरू केलेली. सोबत एक निबंध मागितला होता: आहे ते काम सोडून तुम्हाला कायदाच का शिकायचाय?

का ते मला नेमकं ठाऊक होतं. दीड-दोन वर्षांपूर्वी मी घेतलेल्या एका फोनमुळे.

त्या दिवशी थंडी अशी होती की कक्षात आम्ही सगळ्या स्वेटरवर स्वेटर घालून बसलो होतो. फोन वाजला. पुरुषाचा आवाज, वयस्कर, सुशिक्षित. मी विचारायच्या आधीच त्याने पत्ता सांगितला. असं कोणी करत नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा नंबर आठवत नाही. तो म्हणाला, "माझी बायको जिन्यावरून पडली. गेली आहे. घाई नाही, सावकाश या."

आणि त्याच्या मागे एक बाई बोलत होती.

शब्द कळत नव्हते. पण रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता. वर्षानुवर्षं हेडफोन घालून बसल्यावर जमिनीवर पडलेल्या माणसाचा आवाज कळतो. मी विचारलं, "मागे कोण बोलतंय?" त्याने फोन ठेवला. मी गाडी ताबडतोब पाठवली. गाडी पोचली तेव्हा बाई खरोखरच गेलेली होती.

मी पर्यवेक्षकाला सांगितलं. त्याने वर कळवलं, वरच्याने आणखी वर कळवलं, आणि ते वर कुठंतरी जाऊन बसलं. ते घर कोणाचं, त्या बाईचं नाव काय, मला कोणी सांगितलं नाही. आमच्या कक्षात त्या फोनला 'सावकाशवाला' हे नाव पडलं तेवढंच. काही दिवस मैत्रिणी चेष्टेने एकमेकींना म्हणायच्या, "घाई नाही, सावकाश या." मी एकीवर अशी डाफरले की पुन्हा कोणी म्हटलं नाही. तेव्हाच मनात आलं, आपण नुसतं ऐकून गाडी पाठवणाऱ्या. ज्या खोलीत याचा निकाल लागतो त्या खोलीत उभं राहायचं असेल तर काळा कोट लागतो.

तेच मी निबंधात लिहिलं. नियमाप्रमाणे नाव नाही, भाग नाही, तारीख नाही. फक्त तो कसा बोलला ते लिहिलं, आणि मागची बाई. वाचून कोणालाही ते घर ओळखू येणं शक्य नव्हतं. ओळखता येईल असा जगात एकच माणूस होता, आणि मी शहाणीने तिकीट लावून नेमकं त्यालाच पाठवलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी तोंड वाकडं करत का होईना, माझ्या साडीला इस्त्री केली.

संस्थेचं कार्यालय एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खोली नीटनेटकी, टेबलाला नुकतंच पॉलिश केलेलं, भिंतीवर एका बाईचा मोठा फोटो. हसरी, भरघोस केसांची बाई. टेबलापलीकडे तिघं. एक कायद्याच्या प्राध्यापिका, एक हिशेबनीस आणि मधोमध मुख्य विश्वस्त, पांढऱ्या केसांचे, हात जोडून नमस्कार करणारे पण तोंडाने एक शब्द न बोलणारे. प्रश्न सगळे प्राध्यापिकाबाईच विचारत होत्या. नोकरी सोडल्यावर घर कसं चालणार, या वयात पाठांतर जमेल का, वगैरे. मी बरी बोलले. हिशेबनीस तर माझ्या एका विनोदावर हसलेसुद्धा.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या निबंधातला तो फोन. वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. त्याबद्दल थोडं सांगाल?"

मी घुटमळले. कुठून सुरुवात करावी कळेना.

"घाई नाही," मुख्य विश्वस्त म्हणाले. "सावकाश सांगा."

मी झटकन त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा मी कधीच पाहिला नव्हता, पण आवाज! तो सूर, ते 'घाई नाही'नंतरचं किंचित थांबणं. मी फोटोकडे पाहिलं. खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख होती. दुसरी तारीख त्या गारठ्याच्या दिवसाची होती.

मी काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. प्राध्यापिकाबाई मान हलवत होत्या. ते मात्र माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, भीतीनेही नाही. बाजारात वस्तू घेताना माणूस ती उलटीसुलटी करून बघतो ना, तसे.

"अशा फोनचं रेकॉर्डिंग असतं ना?" त्यांनी विचारलं.

"असतं," मी म्हटलं. "वर्षभर ठेवतात. मग पुसतात."

जीभ कामाच्या सवयीने बोलून गेली! आम्हाला शिकवलेलंच असं आहे, विचारलं तेवढंच सांगा, नेमकं सांगा, खरं सांगा. खोटं बोलायला हवं होतं हे मला जिना उतरताना सुचलं, आणि तिथेच कठड्याला धरून मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

दोन दिवस मी घरी अवाक्षर काढलं नाही. का नाही, तेही सांगते. मला ती शिष्यवृत्ती हवी होती. मनात म्हणायचे, आवाजासारखा आवाज असतो, थंडीत काय एकच बाई मेली असेल? मग तो फोटो आठवायचा आणि मी ताटावरून उठायचे. नवरा विचारायचा, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "निकालाची काळजी आहे." तेही खरंच होतं.

गुरुवारी संध्याकाळी कामावरून आले तर दाराबाहेर अनोळखी बूट. चकचकीत, जोडीने नीट ठेवलेले.

आत माझ्या खुर्चीवर मुख्य विश्वस्त बसले होते. हातात आमचा बरा कप. लेक त्यांना चित्रकलेची वही दाखवत होती आणि सासूबाई कधी नव्हे त्या माझं कौतुक करत होत्या. नवऱ्याचा चेहरा उजळलेला.

"अगं, साहेब स्वतः आलेत," तो म्हणाला. "तुझी निवड झाली! तीनही वर्षं, पूर्ण फी!"

"उद्या शेवटचा दिवस आहे असं तुमच्या अर्जात वाचलं," साहेब म्हणाले. "म्हटलं, टपालाच्या भरवशावर कशाला राहायचं. धनादेश महाविद्यालयाच्या नावाने काढलाय. तुमची फक्त एक सही हवी."

धनादेशाखाली एक टाइप केलेला कागद होता. मी उभ्यानेच वाचला. माझ्या निबंधात लिहिलेला प्रसंग पूर्णपणे काल्पनिक आहे, तो माझ्या कोणत्याही अनुभवावर आधारलेला नाही, असं मी शपथेवर सांगत होते. खाली सहीसाठी रेघ.

"हे कशाला?" मी विचारलं.

"औपचारिकता," ते म्हणाले. "त्याचं काय आहे, माझ्या मेहुण्याने कोर्टात अर्ज केलाय. बहिणीच्या मृत्यूची पुन्हा चौकशी करा म्हणून. दुःखात माणूस काहीही करतो. आता आमच्याच संस्थेच्या कपाटात तुमचा निबंध, आणि तो उद्या त्याच्या वकिलाच्या हाती पडला तर उगाच तुम्हाला त्रास. साक्षीला ओढतील, उलटतपासणी करतील. हा कागद असला की तुम्ही मोकळ्या."

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. त्याने पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. बिचारा! त्याला काय ठाऊक.

मी ते पेन हातात घेतलं, हेही सांगून टाकते. समोर धनादेश होता. त्यावर महाविद्यालयाचं नाव सुबक अक्षरात होतं. मला वाटलं, रेकॉर्डिंग पुसलेलं आहे, बाई गेलेली आहे, सही केली तर कोणाचं काय जाणार? आणि त्याच क्षणी मला ती मागची कुजबुज ऐकू आली, जशी त्या दिवशी आली होती तशीच. तिचं या जगात आता तेवढंच उरलं होतं, आणि ते माझ्या कानात होतं. मी सही केली की तेही संपलं.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"तो फोन यांनी केला होता," मी नवऱ्याला म्हटलं. "सावकाशवाला म्हणतो ना आम्ही, ते हे. यांची बायको जिवंत होती तेव्हा. मी ऐकलंय."

नवरा माझ्याकडे बघे, त्यांच्याकडे बघे.

"दमल्या आहेत त्या," साहेब शांतपणे म्हणाले. "रोज असले फोन घेऊन माणसाला नसलेले आवाजही येऊ लागतात. माझी बायको पडली ती जागीच गेली. मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनीही तेच लिहिलंय."

"तुला नक्की..." नवरा चाचरत म्हणाला, "म्हणजे, नीट ऐकू आलं होतं ना तुला?"

मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या कानांवर त्याने पहिल्यांदा शंका घेतली होती. आणि त्याचाही दोष नाही. समोर पांढऱ्या केसांचा सभ्य माणूस, हातात आमच्या मुलीची चित्रकलेची वही.

सासूबाई मात्र त्या माणसाकडे बघत होत्या. त्यांच्या आवाजात आता कौतुक नव्हतं, पण रागही नव्हता. शेजारणीची विचारपूस करावी तसं त्यांनी विचारलं, "फार लागलं होतं का हो त्यांना? पडलेलं माणूस आधी पाणी मागतं. आमचे हे गेले तेव्हा सारखं पाणी पाणी करत होते. तुम्ही दिलंत ना पाणी?"

"तिने नाही मागितलं," साहेब म्हणाले. "ती कोणाकडे काही मागणाऱ्यातली नव्हतीच. शेवटी शेवटीसुद्धा मलाच सांगत होती, की..."

आणि ते थांबले.

नवऱ्याच्या हातातलं पेनाचं टोपण खाली पडून कपाटाखाली गेलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, ओरडेल, सारवासारव करेल, निदान घाम तरी पुसेल. त्याने यातलं काही केलं नाही. त्याने कपातला उरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. धनादेश आणि तो कागद एकावर एक ठेवून पाकिटात घातला. मग आमच्याकडे एकेक करून बघितलं. नवऱ्याकडे, सासूबाईंकडे, माझ्याकडे. मुलाखतीच्या दिवशी मला जसं बघितलं होतं तसंच.

"आधी एक होत्या," तो म्हणाला. "आता घरभर झालात."

मग तो वाकला, लेकीची वही तिच्या हातात दिली आणि प्रेमाने विचारलं, "चित्रं छान काढतेस हं. शाळा कुठली तुझी, बाळ?"

मी "नको!" म्हणेपर्यंत तिने सांगितलंसुद्धा. शाळेचं नाव, वर्ग, तुकडी, कोणत्या फाटकातून बाहेर पडते आणि किती वाजता. हरवलीस तर मोठ्या माणसाला सगळं नीट, क्रमाने सांगायचं, घाबरायचं नाही, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिने एक शब्द चुकवला नाही.

"शाब्बास," तो म्हणाला. दाराबाहेर जाऊन त्याने बूट घातले. नाड्या बांधायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही तिघं दाराकडे बघत उभे होतो.

तो गेल्यावर नवऱ्याने कडी लावली, ती नीट बसली का ते ओढून बघितलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. "मी तुला असं विचारायला नको होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते नंतर बघू." आता भांडायला कोणाला वेळ होता!

मी पोलिसांना फोन लावला. मग त्या मेहुण्याच्या वकिलाचा ठावठिकाणा काढायला बसले. महाविद्यालयाची जागा उद्या जाणार हे कळत होतं. रडू येत होतं, आणि रडत रडतच मी नंबर फिरवत होते. सासूबाई माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"माझंही नाव सांग त्या वकिलाला," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलंय. कोर्टात येईन मी. जिने चढवतील तेवढे चढेन."

मी त्यांचा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांच्या संसारात असा पहिल्यांदाच.

लेक मात्र खुशीत होती. वही छातीशी धरून विचारत होती, "आई, ते आजोबा माझ्या शाळेत येणार आहेत का? मला बक्षीस द्यायला?"

"उद्या शाळेत जायचं नाही," नवरा म्हणाला.

"आणि परवा?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मलाही माहीत नव्हतं.